पोरगं जरा गप्प गप्प असतंय... मुलांच्या मनाबद्दल कोल्हापुरातले आईबाप नेहमी विचारतात ते प्रश्न

मी हायस्कूलला शिकवते, वीस वर्षं होत आली. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण पालकसभेला दरवेळी एक गोष्ट होतेच, सगळ्यांसमोर आईबाप मार्कांचं, क्लासचं, गाईडचं विचारतात आणि खरं जे विचारायचं असतं ते सभा संपल्यावर दाराजवळ, चपला घालता घालता, आवाज बारीक करून, "मॅडम एक विचारू काय, पोरगं जरा..." त्या "पोरगं जरा"च्या पुढचे प्रश्न इतक्यांदा आलेत की शेवटी म्हटलं एका जागी लिहूनच काढू. काही डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आहे, काही वाचलेलं, आणि बरंचसं स्वतःच्या दोन पोरांवर चुकत चुकत शिकलेलं.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आता कुठनं आलं हे?

होतं की. नावं वेगळी होती एवढंच. "तो जरा एकलकोंडाच आहे", "तिला बाहेरचं लागलंय", "नापास झाला म्हणून मुंबईला पळून गेला". प्रत्येक गल्लीत एक तरी असायचा, आठवून बघा. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं केंद्र सरकारसाठी राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक त्रास आढळला. म्हणजे ६० पोरांच्या वर्गात चार. मी वर्गात उभी असते तेव्हा हा आकडा डोक्यात असतो आणि ते चार कोण हे तोंडाकडं बघून कळत नाही, कधी कधी पहिल्या बाकावरचा, नव्वद टक्केवालाच निघतो.

हसतंखेळतं असलं की मन ठीक, असं समजायचं ना?

बहुतेक वेळा हो. पण नुसतं हसण्याकडं बघू नका, बदलाकडं बघा. मुळात शांत असलेलं पोरगं शांत आहे, त्यात काय नाही. रोज संध्याकाळी फुटबॉल घेऊन पळणारं पोरगं तीन आठवडे मैदानाकडं फिरकलं नाही, तर थांबून विचारायला पाहिजे.

जरा कडक ठेवलं की पोरं आपोआप कणखर होतात. आम्ही बापाचा मार खाऊनच मोठे झालो की.

हे वाक्य मला वर्षातनं वीसेक वेळा तरी ऐकायला मिळतं, आणि बोलणारे बहुतेक वेळा वडील असतात. तर दादा, चला जरा तालमीत. आपल्याकडं पेठेपेठेत तालीम, लहानपणी कधीतरी गेलाच असाल. हौद्यातली माती बघितलीय ना? तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू सगळं घालतात आणि कुस्ती धरायच्या आधी पोरं खोऱ्यानं ती उकरून भुसभुशीत करतात. कशाला एवढा उपद्व्याप? पडल्यावर हाड मोडू नये म्हणून. पडायचं तर आहेच, दिवसातनं पन्नास वेळा पडायचंय, वस्ताद कुणाला पडण्यापासनं वाचवत बसत नाही. पण हौदा न उकरता, टणक मातीवर पोराला आपटून "आता मजबूत होशील" म्हणणारा वस्ताद मी तरी बघितलेला नाही.

घरात आपण दोन्ही चुका करतो. एक म्हणजे माती टणक ठेवतो, पोरगं आधीच हरून आलेलं असतं आणि वरनं आपला टोमणा. दुसरी चूक हल्ली जास्त दिसते, पडूच द्यायचं नाही. डबा विसरला की अर्ध्या तासात आई गेटवर, प्रोजेक्ट बापानं रात्री बारापर्यंत जागून केलेला, मैत्रिणीशी भांडण झालं की आईचा तिच्या आईला फोन. ह्या पोरांनी कधी कुस्तीच धरलेली नसते, मग दहावीत एकदम मैदानात उतरवतो आणि वर विचारतो, हा एवढ्याशानं खचला कसा? एखादा दिवस डब्याशिवाय जाऊ द्या. मित्राच्या डब्यातलं खाईल, किंवा उपाशी राहील, घरी येऊन चिडेल. चिडू दे.

आणि मार खाऊन मोठे झालो म्हणता, झालात खरं, पण त्या मारामुळं झालात की मारानंतर आज्जीनं मांडीवर घेऊन दूधभात भरवला त्यामुळं, हे तुम्ही छातीठोक सांगू शकाल काय? हवाईजवळ, म्हणजे हवाई बेटांतलंच एक, काउआई नावाचं बेट आहे. तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ ह्या दोघींनी कित्येक वर्षं, ती मुलं चाळिशीला येईपर्यंत, पाठपुरावा केला. गरिबी, घरात भांडणं, दारू, असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, आत्मविश्वासाची माणसं झाली. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती, निदान एक मोठं माणूस त्यांना धरून होतं. आई नसेल तर आज्जी, मावशी, नाहीतर एखादा मास्तर. मला हे वाचून बरं वाटलं, आपल्याकडं मावश्या-आत्यांची कमी नाही.

पोरगं काही सांगतच नाही. काही विचारलं की "काय नाही".

ह्याच प्रश्नावर मी जास्त बोलणार आहे, कारण बाकीचे निम्मे प्रश्न ह्यातनंच निघतात.

पहिलं, आपण विचारतो कसं ते बघा. दारातनं आत आल्या आल्या, शाळेत काय झालं, पेपर दिला काय, किती पडले, डबा संपवलास काय, तो अमका परत काय बोलला काय. ही चौकशी झाली, जुना राजवाडा पोलीस ठाण्यात बसवल्यासारखी. बारा वर्षांच्या पुढची पोरं, त्यातही मुलगे, समोर बसवून डोळ्यात डोळे घालून बोलत नाहीत. गाडीवर मागं बसल्यावर बोलतात, तोंड दिसत नाही ना. शेंगा फोडताना बोलतात, रंकाळ्याला चक्कर मारताना बोलतात. एक वडील आठवड्यातनं एकदा पोराला रात्री गंगावेशीत दूध प्यायला न्यायला लागले, पहिले चार आठवडे नुसतं दूधच पिऊन आले, पाचव्या आठवड्यात पोरगं ग्लास हातात धरून म्हणालं, "पप्पा, मला त्या क्लासला जायचं न्हाई." कारण काय ते आणखी दोन आठवड्यांनी कळलं.

दुसरं, पोरं आधी चाचणी घेतात. छोटी वाईट बातमी सांगून बघतात. पाण्याची बाटली हरवली, कंपास मोडला. त्यावर तुम्ही वीस मिनिटांचं भाषण दिलंत तर मोठी बातमी तुमच्याकडं येणार नाही, दुसरीकडं जाईल, किंवा कुठंच जाणार नाही. माझंच सांगते. माझी मुलगी सहावीत होती, घटक चाचणीत वीसपैकी चार पडले, तो पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली आणि मी म्हटलं, "आणि मी जगाच्या पोरांना शिकवते!" एवढंच बोलले, ओरडलेसुद्धा नाही. त्यानंतर दोन वर्षं त्या पोरीनं सगळं तिच्या आत्याला सांगितलं, वर्गातल्या मुली तिला गटात घेत नाहीत हे मला नणंदेकडनं कळलं. नणंदेचे उपकार, पण ती भाकरी थापता थापता ऐकलेली गोष्ट अजून घशात अडकते.

मग काय बोलायचं? पहिलं वाक्य, "बरं झालं सांगितलंस." मनातनं काहीही उकळत असलं तरी हेच. नंतर जरा गप्प बसायचं, जे आपल्याला सगळ्यात अवघड जातं. आणि मग, "मी नुसतं ऐकू, का काही करू?" दहातली आठ वेळा उत्तर येतं, नुसतं ऐक.

मुलगा असून रडतो हो, लोकांसमोर लाज वाटते.

रडू दे. "बायकांसारखा रडतोस काय" म्हटल्यानं रडणं थांबतं, दुःख आतच राहतं आणि बऱ्याचदा ते रागाच्या रूपानं बाहेर येतं, कारण मुलग्याला रागवायची परवानगी आपण देतो, रडायची नाही. भावनेला नाव दिलं की तिचा जोर उतरतो, हे मेंदूवरच्या अभ्यासातनंही दिसलंय. आणि मराठीत नावं काय कमी आहेत? हिरमुसला, खट्टू झाला, ओशाळला, धास्तावला, वैतागला, हुरहूर लागली, कानकोंडा झाला, जीव टांगणीला लागला. आमच्या पोरांकडं दोनच शब्द उरलेत, "बोअर" आणि "टेन्शन". मी एकदा आठवीच्या वर्गाला सांगितलं, हा आठवडा टेन्शन शब्द बंद, दुसरा शोधायचा. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ, शुक्रवारी एक पोरगा म्हणाला, "मॅडम मला टेन्शन नव्हतं, मला पोरकं वाटालतं." त्याचे वडील नुकतेच कामासाठी आखाती देशात गेले होते. त्याला असं वाटतंय हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

चार-पाच वर्षांचं पोरगं महाद्वार रोडवर खेळण्यासाठी लोळण घेतं. तिथं काय करायचं?

तिथं काहीच शिकवायचं नाही. मेंदूचा जो पुढचा भाग रागाला ब्रेक लावतो तो पंचविशीपर्यंत तयार होत असतो, पाच वर्षांच्या पोराचा ब्रेक लागतच नाही, त्यात गर्दी, ऊन, भूक. बाजूला घ्या, खाली बसा, "तुला ती गाडी पाहिजे होती, मिळाली नाही, राग आला" एवढं शांतपणे बोला आणि थांबा. गाडी मात्र घ्यायची नाही. लोकांच्या नजरेला घाबरून घेतली की पोरगं शिकलं, महाद्वार रोडवर लोळलं की मिळतंय. समजावणं घरी, पोट भरल्यावर.

आणि माझाच आवाज चढतो त्याचं काय?

चढणार. मीपण ओरडते, शेजाऱ्यांना विचारा. एड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आई आणि तान्ह्या बाळांचा फार बारकाईनं अभ्यास केला, त्यात दिसलं की चांगल्या चाललेल्या जोड्यांमध्येही बराच वेळ दोघांचा सूर जुळलेलाच नसतो, तुटतो आणि परत जुळवतात, त्या परत जुळवण्यातनंच बाळ शिकतं. तेव्हा ओरडून झालं की जीव खाऊ नका. तासाभरानं जाऊन सांगा, "मगाशी मी फार ओरडले, ते चुकलं, दमले होते." त्याच्यापुढं "पण तूपण..." जोडायचं नाही. त्या "पण"नं सगळं पाण्यात. आमच्या पिढीला आईबापानं कधी सॉरी म्हटलेलं आठवत नाही, गुपचूप आवडीची भाजी करून वाढायचे, तेवढाच माफीनामा. तोही चालतो, पण शब्द असले तर आणखी बरं.

सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलंयस पोराला.

म्हणू देत. त्यांच्याशी पोरासमोर वाद घालू नका, आणि आज्जीकडं पोराचं जे गुळपीठ आहे ते तोडू नका, ते तुमच्या दहा पुस्तकांपेक्षा उपयोगी आहे. फक्त एक ठरवून घ्या, पोराची फजिती आल्यागेल्यासमोर सांगायची नाही. अजून अंथरूण ओलं करतो हे पाहुण्यांना सांगून हसणं आपल्याकडं सर्रास चालतं. पोरं ते विसरत नाहीत.

दहावी आहे. टेन्शन देऊ नका म्हणता, मग अभ्यास कोण करणार?

थोडं टेन्शन पाहिजेच, त्याशिवाय पुस्तक उघडत नाही. पण झोप उडाली, जेवण तुटलं, पेपर हातात आला की सगळं कोरं, हातपाय गार, पोटात कळ, एवढं झालं तर ते कामाचं टेन्शन राहिलं नाही. अशा पोराला अजून दोन टेस्ट सिरीज लावून काय होणार? रात्रीची झोप आधी नीट करा, अर्धा तास खेळायला पाठवा, आणि मार्कांच्या चर्चेला घरात एक वेळ ठरवा, चोवीस तास नको. जेवताना तर नकोच.

कौतुक करताना "किती हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "तीन वेळा चुकलं तरी ते गणित सोडलं नाहीस" असं म्हणा. हुशार म्हटलेलं पोरगं पुढं अवघड गणिताला हात लावायला घाबरतं, न सुटलं तर हुशारीच गेली ना. ह्यावर मुलांवर प्रयोग झालेत, आणि वर्गात मला ते रोज दिसतं.

निकालाच्या आधी, निकालाच्या दिवशी नव्हे, आधी, पोराला स्पष्ट सांगा, "काही लागलं तरी दुपारी घरी जेवायला ये." एकाददुसरा विषय गेला तर पुरवणी परीक्षा असते, जून-जुलैत होते, वर्ष वाया जातंच असं नाही. परीक्षेच्या दिवसांत मंडळ समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, ते कपाटावर चिकटवा. आणि पहिल्या प्रयत्नाचं एवढं घेऊन बसला असाल तर खाशाबा जाधवांची गोष्ट सांगा. आपल्या राजाराम कॉलेजचे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, सगळी सवय मातीची आणि तिथं मॅट, नियम वेगळे, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. फक्त गोष्ट सांगून गप्प बसा, "बघ, नाहीतर तू" हे शेपूट नको.

अभ्यासाला बसतच नाही, आळशी आहे. मारलं की तेवढ्यापुरतं बसतो.

आळशी हा शब्द लावायच्या आधी एकदा तपासून घ्या. तोंडी सगळं सांगतो पण लिहिताना अक्षरं उलटीपालटी, वाचताना ओळ सुटते, फळ्यावरचं उतरवून होत नाही, तर वाचन-लेखनाची अडचण असू शकते. एका जागी बसताच येत नाही, प्रत्येक वस्तू हरवते, बोलणं मधेच तोडतो, आणि हे शाळेत नि घरी दोन्हीकडं, तर तेही दाखवायला पाहिजे. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे, सरकारी प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण प्रमाणपत्राला वेळ लागतो, दहावीच्या डिसेंबरात धावपळ करू नका. माझ्या वर्गातला एक पोरगा नववीपर्यंत "ढ" म्हणून मागच्या बाकावर होता, मीही त्याला तसंच धरलं होतं, हे कबूल करते.

मोबाइल काढून घेऊ काय?

एकदम हिसकावला तर घरात महाभारत. आधी झोप वाचवा. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराला ८ ते १० तास झोप लागते, आमची पोरं साडेबाराला झोपून साडेपाचला क्लासला उठतात, मग चिडचिड नाही करणार तर काय करणार. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे पप्पांचापण. बापाचा फोन उशाशी असला तर हा नियम चार दिवस टिकत नाही, आमच्या घरी तीनच दिवस टिकला होता पहिल्यांदा.

आणि ऑनलाइन कुणी फोटोवरनं धमकावत असेल तर "कशाला पाठवलास" हा प्रश्न नंतर. आधी, "आपण दोघं मिळून हे मिटवू." चॅट पुसू नका, पैसे देऊ नका, सायबर पोलिसांकडं जा.

वर्गात पोरं चिडवतात. शिकवू काय त्याला, दोन ठेवून दे म्हणून?

ते आपलं कोल्हापुरी उत्तर झालं. दोन ठेवून दिल्यानं कधी मिटतं, बऱ्याचदा वाढतं, आणि जे पोरगं मारू शकत नाही त्याला आता दोन लाजा, चिडवल्याची आणि मारता आलं नाही त्याची. रंगावरनं, जाडीवरनं, जातीवरनं, बोलण्यावरनं रोज चालत असेल तर तारीख, काय बोलले, कुठं, असं वहीत लिहा आणि वर्गशिक्षकांना लेखी द्या. तोंडी तक्रार आम्ही शिक्षक विसरतो, खरं सांगते. शिक्षकच मारत किंवा अपमान करत असतील तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे.

कुणीतरी नको तिथं हात लावला असं पोर सांगतंय. खरं मानायचं?

हो. आधी विश्वास. "तुझी काही चूक नाही" हे लगेच, आणि सारखं सारखं विचारून तीच गोष्ट वदवून घेऊ नका. माणूस घरातला, ओळखीचा, मानाचा असला तरीही. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगी आणि मुलगा दोघांनाही लागू आहे आणि अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरातल्या घरात मिटवायची नसते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट.

पावसाळा आला की पोरगी झोपत नाही. पुरापासनं असं झालंय.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी शुक्रवार पेठेत, चिखलीत, आंबेवाडीत काढला त्यांच्या घरात हे अजून आहे. मोठी माणसं गाळ काढून मोकळी झाली, पोरं नाही झाली. बोटीतनं काढलेली, जनावरं मागं राहिलेली, शाळेच्या हॉलमध्ये झोपलेली. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की पोटात दुखतं, अंथरूण ओलं होतं, आईला सोडत नाही. हे नाटक नव्हे, शरीर आठवण काढतंय.

"काही होत नाही, झोप" म्हणू नका, तिनं झालेलं बघितलंय. आकडा द्या. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. दिवसातनं एकदाच पातळी बघायची, तिनंच वहीत लिहायची. "३९ झाली की आपण बॅग भरतो, त्याच्या आधी झोपतो." भीतीला असा काठ मिळाला की पोर त्याच्या आत राहतं. तिच्या हाताला काम द्या, टॉर्च, कागदपत्रांची पिशवी, मांजराची टोपली, हे तिचं खातं. टीव्हीवर तीच ती बुडालेल्या कमानींची दृश्यं दिवसभर नकोत. आणि पाऊस थांबल्यावरही महिनाभर झोप, शाळा, जेवण रुळावर येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, नुसत्या दृष्ट काढण्यावर ठेवू नका. दृष्टपण काढा हवी तर, तिला बरं वाटतं, आज्जीलाही.

डॉक्टरांकडं कधी जायचं आणि कुणाकडं?

दोन आठवड्यांच्या वर उदास, चिडका, खेळ-मित्र सोडलेले, झोप-भूक बिघडलेली, शाळेला जायच्या वेळी रोज पोट दुखतं आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल, स्वतःला इजा करणं, आवाज ऐकू येतात म्हणणं. ह्यातलं शेवटचं दोन दिसलं तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, एमडी वगैरे, गोळ्या तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, त्यांच्याकडं आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. समुपदेशक बोलून वाट काढून देतात. पैशाची अडचण असेल तर सीपीआर ह्या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून थेट विचारा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतात, चौकशी करा. आणि कुठंच जायचं धाडस होत नसेल तर १४४१६, टेली मानस, ऑक्टोबर २०२२ पासनं सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. पोरासाठी आईबापानं फोन केला तरी चालतो.

लोक काय म्हणतील? उद्या पोरीच्या लग्नाला अडचण? आणि गोळ्या आयुष्यभर लागतात म्हणे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय, डॉक्टर काय गल्लीत पत्रकं वाटत नाहीत. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत, बऱ्याच पोरांचं थेरपीवर भागतं, ज्यांना लागतात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पुढं डॉक्टर हळूहळू कमी करतात. आपल्या मनानं एकदम बंद मात्र करायच्या नाहीत. लोकांचं म्हणाल तर लोक आत्ताही बोलतच असतील.

रागात "मला जगायचंच नाही" म्हणतो. घाबरवायला म्हणतो काय?

कशाला म्हणतो ह्याचा निकाल तुम्ही लावू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "मरायचा विचार मनात येतो काय?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे, उलट पोराला वाटतं, चला, कुणीतरी बोललं. "हो" आलं तर एकटं सोडायचं नाही, शेतीची औषधं, घरातल्या गोळ्या कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असेल तर १४४१६, जिवावरचं असेल तर ११२ किंवा १०८. काही केलंच असेल तर पोलीस केस होईल म्हणून लपवत बसू नका, दवाखाना आधी. २०१७ च्या कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

शिव्या, शपथा, "आमचं काय होईल विचार केलास काय" हे काहीही नको. पोराला ओझंच झालेलं असतं.

माझं पोरगं सतरा वर्षांचं आहे. आता उशीर झाला ना?

सतराच्या पोराला एकदम मांडीवर घ्यायला गेलात तर ते पळून जाईल, हे खरं. छोट्यापासनं सुरू करा. एका वडिलांनी मला हाच प्रश्न गेल्या वर्षी विचारला होता, पोराशी बोलणं म्हणजे "पैसे पाहिजेत" आणि "कशाला" एवढंच उरलेलं. मी म्हटलं, काही विचारू नका, फक्त संध्याकाळी क्लासहून तुम्ही आणायला जा. दोन महिन्यांनी त्यांचा मेसेज आला, आज गाडीवर मागनं आपणहून दोन वाक्यं बोलला मॅडम, दोन्ही पाटाकडील आणि शिवाजीच्या फुटबॉल मॅचची. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? म्हणाले, काय नाही, गाडी जरा हळू घेतली.